पाहिले ते लिहिले : विज्ञान-प्रकल्प आणि विद्यार्थ्याची नोंदवही

शालेय वर्षाचे दुसरे सत्र संपत आले की घरोघरी एक परिचित दृश्य दिसू लागते. प्रकल्पवही दुसऱ्या दिवशी द्यावयाची असते आणि रात्री उशिरापर्यंत ती भरण्याचे काम चालू असते. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष असे रकाने आखलेले असतात. निष्कर्ष पुस्तकातून अगोदरच ठाऊक असतो. निरीक्षण त्याला जुळेल अशा बेताने मागाहून लिहिले जाते. कधी ते मोठ्या भावंडाच्या वहीतून येते, कधी पालक सांगतात, तर कधी तयार प्रकल्पच दुकानातून विकत आणला जातो. वही नीटनेटकी असते आणि गुणही चांगले मिळतात. जे घडायला हवे होते ते मात्र या सगळ्यात घडलेले नसते. विद्यार्थ्याने काही पाहिलेले नसते आणि पाहिले असल्यास ते लिहिलेले नसते.

या प्रकाराकडे केवळ आळस म्हणून पाहणे बरोबर होणार नाही. पुस्तकाशी जुळणारे उत्तर हेच खरे उत्तर, आणि आपल्या डोळ्यांना वेगळे दिसले तर ती आपली चूक, अशी समजूत विद्यार्थ्याच्या मनात हळूहळू पक्की होत जाते. विज्ञानाची वाटचाल याच्या अगदी उलट दिशेने झाली आहे. म्हणून विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पाची हकीकत स्वतःच्या शब्दांत, त्या त्या दिवशी लिहावी आणि ती वर्गातील इतरांनी वाचावी, या साध्या प्रथेचा विचार विज्ञान-शिक्षणाच्या दृष्टीने अगत्याचा ठरतो.

फॅरेडेची वही

विज्ञानाच्या इतिहासात नोंदवहीचे महत्त्व दाखवणारे उत्तम उदाहरण म्हणजे मायकेल फॅरेडे. सन १७९१ मध्ये एका लोहाराच्या घरी जन्मलेल्या फॅरेडेचे औपचारिक शिक्षण अगदी थोडे झाले होते. लंडनमधील एका पुस्तक-बांधणीच्या दुकानात तो उमेदवारी करीत असे. सन १८१२ मध्ये त्याला सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकण्याची संधी मिळाली. ऐकलेल्या विषयाची त्याने सविस्तर टिपणे लिहिली, त्यांना आकृत्या जोडल्या, आपल्या हाताने त्यांची बांधणी केली आणि ते पुस्तक डेव्हींकडे पाठवून दिले. पुढच्याच वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची जागा मिळाली.

लिहिण्याची ही सवय फॅरेडेने जन्मभर सोडली नाही. आपल्या प्रयोगांच्या दैनंदिनीतील परिच्छेदांना तो ओळीने क्रमांक देत असे आणि हे क्रमांक अखेरीस सोळा हजारांच्या पुढे गेले. दि. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून त्याने जो प्रयोग केला, त्याचीही नोंद या दैनंदिनीत आहे. पहिल्या वेटोळ्यातून वीजप्रवाह सोडताक्षणी दुसऱ्या वेटोळ्याजवळची चुंबकसूची हलली आणि पुन्हा जागेवर आली. प्रवाह चालू असेपर्यंत ती स्थिर राहिली आणि तो खंडित करताच पुन्हा हलली. ही क्षणिक हालचाल त्याने जशी दिसली तशी नोंदली. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध त्या क्षणिक हालचालीतच होता.

गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा परस्परसंबंध शोधण्यासाठी त्याने १८४९ साली केलेले प्रयोग मात्र निष्फळ ठरले. संबंध असला पाहिजे असा विश्वास मनात असूनही तो आढळला नाही, ही गोष्ट त्याने लपविली नाही. ते अयशस्वी प्रयोग त्याने रीतसर प्रसिद्ध केले. फसलेल्या प्रयोगाचीही नोंद ठेवणे हा शास्त्रज्ञाच्या धर्माचा भाग आहे, हे शालेय विद्यार्थ्यालाही यावरून समजू शकेल.

होशंगाबादचा धडा

आपल्या देशात या दिशेने झालेला एक महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्राच्या शेजारीच, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात झाला. आज हा जिल्हा नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो. ‘किशोर भारती’ आणि रसुलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी राज्य शासनाच्या संमतीने १९७२ साली तेथील सोळा माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी ‘होशंगाबाद विज्ञान-शिक्षण कार्यक्रम’ सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिकांनी त्यास हातभार लावला. सन १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला आणि १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली.

या कार्यक्रमातील ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की, त्यात प्रयोग होते, प्रश्न होते, परंतु उत्तरे नव्हती. विद्यार्थी चौघांच्या टोळीने प्रयोग करीत, आपसांत चर्चा करीत आणि आपल्याला काय आढळले ते आपापल्या वहीत आपल्याच शब्दांत लिहीत. अशा रीतीने प्रत्येक विद्यार्थ्याची वही हेच त्याच्या पाठ्यपुस्तकाचे उरलेले अर्धे अंग बनत असे. परीक्षेच्या वेळी पुस्तक आणि वही जवळ बाळगण्यास मुभा असे, कारण पाठांतराची परीक्षा घ्यावयाचीच नव्हती. मुलांच्या मनात उठणारे प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीच्या नावे पत्राने पाठवण्याची सोय होती आणि त्या पत्रांना उत्तरेही जात. राज्य शासनाने २००२ साली हा कार्यक्रम बंद केला. तथापि, खेड्यातील साध्या शाळेतले मूलही स्वतःच्या निरीक्षणावरून स्वतःचे विधान लिहू शकते, ही गोष्ट त्याने तीस वर्षांच्या अनुभवाने दाखवून दिली.

पुढे १९९३ पासून देशभर भरू लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेनेही हेच सूत्र स्वीकारले. दहा ते सतरा वयोगटातील मुलांनी आपल्या परिसरातील एखादा प्रश्न निवडावा, त्याचा प्रत्यक्ष अभ्यास करावा, केलेल्या कामाची दैनंदिनी ठेवावी आणि आपल्या भाषेत तो मांडावा, अशी या परिषदेची रीत आहे.

पंचवीस मुले आणि भुंगे

मुलांचे असे लेखन वर्गाच्या चार भिंतींपलीकडे कितपत जाऊ शकते, याचे एक उल्लेखनीय उदाहरण इंग्लंडमधील आहे. डेव्हन परगण्यातील ब्लॅकॉटन या खेड्याच्या प्राथमिक शाळेतील आठ ते दहा वर्षे वयाच्या पंचवीस मुलांनी भुंग्यांसारख्या दिसणाऱ्या एका जातीच्या मधमाश्यांवर प्रयोग केले. कोणत्या फुलावर जावे हे ठरवताना या माश्या केवळ रंग पाहतात की रंगांची मांडणीही ध्यानात घेतात, असा प्रश्न त्यांनी स्वतःपुढे ठेवला होता. निळ्या व पिवळ्या वर्तुळांची मांडणी करून आणि काही वर्तुळांत साखरेचे पाणी ठेवून त्यांनी माश्यांना शिकविले आणि मग त्यांची परीक्षा घेतली. माश्या रंग आणि मांडणी या दोहोंचा मिळून उपयोग करू शकतात, असे त्यांना आढळले.

या संशोधनाचा निबंध रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झाला. निबंधाची भाषा मुलांची आहे आणि आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आहेत. पूर्वीच्या संशोधनाचे संदर्भ त्यात दिलेले नाहीत, कारण ते ग्रंथ मुलांच्या आवाक्यातले नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी तज्ज्ञांचे स्वतंत्र टिपण सोबत छापण्यात आले. एक शास्त्रज्ञ आणि शाळेचे मुख्याध्यापक यांचे मार्गदर्शन मुलांना लाभले होते हे खरे, परंतु प्रश्न मुलांचा होता आणि सांगणेही मुलांचे होते.

सावलीचा प्रकल्प

प्रत्येक शाळेला शास्त्रज्ञाचे मार्गदर्शन मिळणे शक्य नाही. त्यामुळे एक काठी, मोजपट्टी, ओळंबा, सुतळी आणि घड्याळ एवढ्याच साहित्यात होणारा एक प्रकल्प येथे विचारासाठी घेणे उचित होईल. ‘सावली सर्वांत लहान केव्हा असते?’ हा त्याचा प्रश्न. बहुतेक विद्यार्थी न पाहताच उत्तर देतील की, दुपारी बारा वाजता.

समजा, पुण्यातील एखाद्या शाळेच्या आठवीच्या वर्गाने नोव्हेंबरच्या मध्यास मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि दर दहा मिनिटांनी सावली मोजली. पुण्याच्या अक्षांश-रेखांशांवरून गणित केल्यास १५ नोव्हेंबरच्या सुमारास सावलीची लांबी ११.३० वाजता सुमारे ८०.५ सेंटिमीटर, ११.४० वाजता ७८.५, ११.५० वाजता ७७, बारा वाजता ७५.९, १२.१० वाजता ७५.३ आणि १२.२० वाजता ७५.१ सेंटिमीटर येते. साडेबाराला ती वाढून ७५.४ होते. म्हणजे बारा वाजता सावली लहान होण्याचे थांबलेले नसते.

खरी परीक्षा येथेच होते. एखादी टोळी बारा वाजताच मोजणी थांबवील आणि ‘बारा वाजता सावली सर्वांत लहान’ असे लिहून मोकळी होईल. दुसऱ्या टोळीला सावली नंतरही लहान होताना दिसेल, परंतु आपलेच चुकले असे मानून ती आकडे बदलील. तिसरी टोळी मात्र ‘बारा वाजले तरी सावली लहान होतच होती, कारण कळले नाही’ असे लिहील. नेहमीच्या पद्धतीने वह्या तपासल्या तर पहिल्या दोन टोळ्यांना पूर्ण गुण मिळतील आणि तिसरीच्या वहीवर लाल रेघ ओढली जाईल. वस्तुस्थिती अशी की, विज्ञान तिसऱ्या टोळीच्या वहीत आहे.

या तिन्ही नोंदी वर्गाच्या भित्तिपत्रकावर शेजारी-शेजारी लावल्या की पुढची पायरी आपोआप येते. वाचणारे विद्यार्थी विचारू लागतात : तुमचे घड्याळ बरोबर होते काय? काठी कललेली होती काय? जमीन सपाट होती काय? सावलीचे टोक कोणते धरले? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी टोळीला पुन्हा मैदानात जावे लागते. तेथे एक नवी अडचण ध्यानात येते. मध्यान्हाच्या आसपास दहा मिनिटांत सावली जेमतेम दोन मिलिमीटरने बदलते आणि सावलीचे टोक तर त्याहून कितीतरी अधिक पुसट असते. सर्वांत लहान सावलीची नेमकी वेळ या रीतीने सापडत नाही. आपली पद्धत अपुरी आहे, हे कळणे हीदेखील एक महत्त्वाची नोंद होय.

यावरील उपाय भारतीय परंपरेत फार पूर्वीपासून ज्ञात आहे. शंकूभोवती वर्तुळ काढून, सकाळी व दुपारी सावलीचे टोक त्या वर्तुळाला कोठे स्पर्श करते ते पाहून दिशा ठरविण्याची रीत कात्यायन शुल्बसूत्रात सांगितली आहे. हीच युक्ती वेळेसाठीही वापरता येते. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात काठीभोवती सव्वा मीटर त्रिज्येचे वर्तुळ सुतळीने काढल्यास सावलीचे टोक सकाळी १० वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास वर्तुळाच्या आत शिरते आणि दुपारी २ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास बाहेर पडते. या दोन वेळांचा मध्य १२ वाजून ३३ मिनिटे हा येतो आणि तोच पुण्याचा त्या दिवशीचा खरा मध्यान्ह होय. सकाळ-दुपारच्या त्या वेळी सावली दहा मिनिटांत सहा सेंटिमीटरांहून अधिक सरकत असल्याने वेळेतील चूक फार लहान राहते.

सलग नोंदींचे फळ

एका दिवसाच्या मोजणीतून एवढे हाती लागते. मोजणी दर आठवड्याला चालू ठेवली आणि प्रत्येक वेळी तारीख घालून लिहिले, तर आणखी एक आश्चर्य समोर येते. पुण्याचा मध्यान्ह नोव्हेंबरच्या मध्यास १२ वाजून १९ मिनिटांच्या सुमारास असतो, २२ डिसेंबरच्या सुमारास १२ वाजून ३३ मिनिटांवर जातो आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास येतो. तीन महिन्यांत तो अर्ध्या तासाने सरकलेला असतो. पृथ्वी सूर्याभोवती लंबवर्तुळाकार कक्षेत सारख्या वेगाने फिरत नाही आणि तिचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, या दोन कारणांचा हा एकत्रित परिणाम होय. ज्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्याची नोंद बारा वाजता जुळवून घेतली असेल, त्याला हे सरकणे कधीच दिसणार नाही. एक खोटा आकडा पुढचे सारे दार बंद करतो.

याच नोंदी दुसऱ्या गावच्या शाळेला पाठविल्या तर त्यांचे मोल आणखी वाढते. पुणे आणि नागपूर यांच्या रेखांशांत सव्वापाच अंशांचे अंतर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांनी होत असता नागपुरात तो १२ वाजून १२ मिनिटांच्या आसपास होऊन गेलेला असतो. सावलीच्या लांबीतही फरक दिसतो. पुण्यात ती सुमारे ९० सेंटिमीटर असते, तर अधिक उत्तरेस असलेल्या नागपुरात ९८ ते ९९ सेंटिमीटर भरते. दोन्ही शाळांची घड्याळे ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाच्या प्रमाणवेळेवर चालतात, सूर्य मात्र प्रत्येक गावासाठी वेगळा मध्यान्ह आणतो. पृथ्वी गोल असून स्वतःभोवती फिरते, हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेले असते. दोन वह्या शेजारी ठेवल्यावर त्याचा पुरावा त्याच्या हाती येतो.

शिक्षकाची भूमिका

या प्रथेत शिक्षकाचे काम कमी होत नाही, त्याचे स्वरूप बदलते. वर्गात ही पद्धत रुजवताना पुढील गोष्टींकडे लक्ष पुरविणे उपयुक्त ठरेल.

पहिली गोष्ट, नोंद त्याच दिवशी आणि जागेवरच लिहिली जावी. कच्च्या वहीवरून पक्की वही करण्याच्या प्रथेत गैरसोयीचे आकडे गळून पडतात. खोडलेला आकडा वाचता येईल अशा रीतीने एका रेघेने खोडावा आणि का खोडला ते शेजारी लिहावे.

दुसरी गोष्ट, दिसलेले आणि वाटलेले यांत भेद करण्याची सवय लावावी. ‘रोप सुकले’ हे निरीक्षण आहे, ‘पाणी कमी पडल्याने रोप सुकले’ हा तर्क आहे. दोन्ही लिहावीत, परंतु वेगवेगळी.

तिसरी गोष्ट, दर आठवड्यास प्रत्येक टोळीचे अर्ध्या पानाचे टिपण भित्तिपत्रकावर लागावे आणि इतरांनी त्याखाली आपले प्रश्न लिहावेत. प्रश्न कामाविषयी असावा, करणाऱ्याविषयी नसावा, एवढे एकच पथ्य पाळले म्हणजे पुरे. आपले लिखाण सोबती वाचणार आहेत हे ठाऊक असले की मूल अधिक काळजीने मोजते आणि अधिक स्पष्ट लिहिते.

चौथी गोष्ट, गुण देताना निष्कर्ष पुस्तकाशी जुळतो की नाही यापेक्षा तो विद्यार्थ्याच्याच नोंदींतून निघतो की नाही हे पाहावे. प्रयोग फसला आणि तो का फसला याचा विचार वहीत दिसत असेल, तर त्या वहीचे गुण कापले जाऊ नयेत. या एका बदलाशिवाय बाकीच्या सूचना व्यर्थ ठरतील, कारण गुण जेथे मिळतात तेथेच विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे लक्ष जाणार.

भाषेचा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली सुरू केलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकापासून आणि पुढे १९२८ साली निघालेल्या ‘सृष्टिज्ञान’पासून मराठीत विज्ञानलेखनाची परंपरा चालत आलेली आहे. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद ते कार्य पुढे नेत आहे. विद्यार्थ्यानेही आपले निरीक्षण प्रथम आपल्या घरच्या भाषेत लिहावे. परिभाषेतील शब्द गरज निर्माण झाल्यावर द्यावा. सावली सर्वांत लहान होण्याच्या क्षणाला नाव हवे असे वर्गाला वाटू लागले म्हणजे ‘मध्यान्ह’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

घटनेतील कर्तव्य

भारतीय संविधानात १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे त्यांपैकी एक होय. हे कर्तव्य फलकावर लिहिल्याने अंगी बाणत नाही. स्वतःचे निरीक्षण आणि प्रचलित समजूत यांत विरोध आला असता, घाबरून आकडा न बदलता तो तसाच लिहिणे आणि पुन्हा तपासून पाहणे, या लहानशा कृतीने त्याचा आरंभ होतो. पुढील आयुष्यात हाच विद्यार्थी शेतातील पिकाची, रुग्णालयातील रोग्याची किंवा कार्यालयातील हिशेबाची नोंद करील. त्या नोंदींवर इतरांचे हित अवलंबून राहणार आहे.

यासाठी नवी इमारत लागत नाही किंवा महागडी उपकरणेही लागत नाहीत. मैदानात उभी केलेली एक काठी, एक वही आणि ती मन लावून वाचणारे वर्गसोबती एवढे पुरेसे आहे. ‘बारा वाजले तरी सावली लहान होतच होती’ असे लिहिणाऱ्या मुलाला शिक्षकाने एवढेच म्हणावे की, “उद्या पुन्हा मोजून पाहू.”